ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये तेल पुन्हा भरताना: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे लहानसहान काम घरी करणारे वाचक वाढले आहेत, हे या सदराकडे येणाऱ्या पत्रांवरून दिसते. काम बहुधा नीट पार पडते आणि अडचण शेवटी, तेल भरताना येते. या अंकात त्याच विषयावरील पाच प्रश्न घेतले आहेत. पहिल्या उत्तरात पातळी मोजण्याची रीत सविस्तर दिली असून पुढील उत्तरे तिच्याच आधाराने लिहिली आहेत.

प्रश्न: माझ्या गाडीच्या गिअरबॉक्सचा ऑइल पॅन गळत होता. मी घरीच पॅन उतरवून गॅस्केट आणि फिल्टर बदलला. पुस्तिकेत तेलाची क्षमता ८ लिटर लिहिली आहे, पण प्रत्यक्षात ३.५ लिटरच तेल निघाले. उरलेले तेल कुठे गेले? आता ३.५ लिटर भरू की ८? अजून इंजिन सुरू केलेले नाही.

इंजिन सुरू न करता आपण थांबलात, हे फार चांगले केलेत. पुस्तिकेतला ८ लिटर हा आकडा पूर्ण कोरड्या गिअरबॉक्सचा आहे, म्हणजे सगळे भाग सुटे करून पुन्हा बांधल्यावर जेवढे तेल लागेल तेवढा. पॅन उतरवल्यावर पॅनमध्ये साठलेले आणि वरून ठिबकणारे तेवढेच तेल बाहेर येते. टॉर्क कन्व्हर्टरमधले (इंजिनाची ओढ तेलामार्फत गिअरबॉक्सला देणारा भाग), तेल थंड करणाऱ्या कूलरच्या नळ्यांमधले आणि व्हॉल्व्ह बॉडीच्या (तेलाचा दाब हव्या त्या क्लचकडे वळवणारा भाग) बारीक वाटांमधले तेल आत राहते. बहुतेक गाड्यांत एकूण तेलाच्या एक तृतीयांशापासून निम्म्यापर्यंतच तेल अशा रीतीने निघते, त्यामुळे आपला आकडा अगदी अपेक्षित असाच आहे. आपण ८ लिटर ओतले असते, तर साडेचार लिटर तेल जास्त झाले असते.

म्हणून पहिली गोष्ट अशी की निघालेले तेल मोजावे. ते थंड झाल्यावर खुणा असलेल्या बाटल्यांत ओतून बघावे आणि जमिनीवर सांडलेल्या व जुन्या फिल्टरमध्ये अडकलेल्या तेलाचा अंदाज त्यात मिळवावा. तेल थंड करण्याला कारण आहे: ८ लिटर तेल २० अंश सेल्सियसवरून ८० अंशांपर्यंत तापले, तर त्याचे आकारमान साधारण एक तृतीयांश लिटरने वाढते. अनेक डिपस्टिकवर, म्हणजे तेलाची पातळी मोजण्याच्या पट्टीवर, खालच्या आणि वरच्या खुणेमधले अंतर अर्ध्या लिटरच्या आसपास किंवा त्याहून कमी तेलाचे असते, हे लक्षात घेतले म्हणजे तापमान विसरून घेतलेले माप किती दिशाभूल करू शकते ते कळेल.

भरण्याआधी दोन गोष्टी पुन्हा तपासाव्यात अशी माझी विनंती आहे. जुन्या फिल्टरच्या तोंडाशी असलेली रबरी रिंग पुष्कळदा फिल्टरबरोबर न निघता वरच्या भोकातच चिकटून राहते. तिच्यावर नवीन रिंग बसवली गेली, तर फिल्टर नीट बसत नाही आणि पंप तेलाबरोबर हवाही ओढू लागतो. त्याची लक्षणे हुबेहूब तेल कमी असल्यासारखी दिसतात, आणि मग माणूस तेल वाढवत राहतो. जुनी रिंग आपल्या हाताशी आहे का, ते जुन्या फिल्टरवर पाहा. नसेल, तर पॅन पुन्हा उतरवण्याचा कंटाळा करू नका. दुसरी गोष्ट पॅनच्या बोल्टांची. हे बोल्ट फार घट्ट आवळायचे नसतात. बहुतेक गाड्यांत ८ ते १४ न्यूटन मीटर एवढाच जोर सांगितलेला असतो. नेमका आकडा आपल्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्यावा आणि बोल्ट एका ओळीत न आवळता समोरासमोरचे, आळीपाळीने, दोन-तीन फेऱ्यांत आवळावेत. हाताच्या पूर्ण ताकदीने आवळल्यास पॅनची कड वाकते आणि नवे गॅस्केटही गळू लागते.

आता प्रत्यक्ष भरणे. आपल्या पत्रातील आकड्यांनुसार मी आधी ३ लिटर भरीन, साडेतीन नाही. डिपस्टिकची नळी अरुंद असते, म्हणून लांब आणि बारीक तोंडाचे नरसाळे घ्यावे. ते स्वच्छ हवे, कारण व्हॉल्व्ह बॉडीतील वाटा इतक्या बारीक असतात की कापडाचा सुटा धागादेखील तिथे अडचण करू शकतो. याच कारणासाठी डिपस्टिक पुसायला धागे न सुटणारे कापड वापरावे. तेल सावकाश ओतावे. त्यानंतर गाडी समपातळीवर आहे, हँडब्रेक ओढलेला आहे आणि चाकांना ठोकळे लावलेले आहेत, याची खात्री करून इंजिन सुरू करावे. ब्रेकवर पाय दाबून ठेवून पार्क, रिव्हर्स, न्यूट्रल, ड्राइव्ह आणि असतील ते खालचे गिअर अशा प्रत्येक ठिकाणी लिव्हर तीन ते पाच सेकंद थांबवावा आणि पुन्हा पार्कमध्ये आणावा. रिकाम्या झालेल्या वाटांमध्ये तेल यामुळे पोहोचते आणि पॅनमधली पातळी खाली येते. ती किती खाली आली हे पाहिल्याशिवाय उरलेल्या अर्ध्या लिटराचा निर्णय करता येत नाही.

बहुतेक गाड्यांत पातळी इंजिन चालू ठेवून, लिव्हर पार्कमध्ये असताना मोजतात. इंजिन बंद केले, की टॉर्क कन्व्हर्टर आणि वरच्या भागातले काही तेल पॅनमध्ये उतरते आणि डिपस्टिक खऱ्यापेक्षा जास्त पातळी दाखवते. मात्र हा नियम सर्वांना लागू नाही. होंडाच्या डिपस्टिक असलेल्या अनेक गाड्यांत तेल गरम झाल्यावर इंजिन बंद करून ६० ते ९० सेकंदांच्या आत मोजायला सांगितलेले असते, तर काही गाड्यांत लिव्हर न्यूट्रलमध्ये ठेवायचा असतो. एवढ्या एका बाबतीत कोणाचाही अनुभव, माझाही, प्रमाण मानू नये. आपल्या गाडीची पुस्तिका काय सांगते तेच करावे.

डिपस्टिक काढावी, पुसावी, पूर्ण आत घालावी आणि पुन्हा काढून वाचावी. नुकतेच तेल ओतलेले असताना नळीच्या भिंती ओल्या असतात आणि ते तेल पट्टीला लागून पातळी वर गेल्याचा भास होतो. त्यामुळे ओतल्यानंतर काही मिनिटे थांबावे, पट्टीच्या दोन्ही बाजू पाहाव्यात आणि दोन्हींत फरक असेल तर खालची पातळी खरी धरावी. सुरुवातीला थंडपणासाठी दिलेल्या खुणेपर्यंत पातळी आणून गाडी १५-२० किलोमीटर हळूहळू चालवावी. तेल ७० ते ८० अंशांपर्यंत तापले की गरम स्थितीच्या खुणेशी पातळी जुळवावी. जागच्या जागी इंजिन चालू ठेवल्यास इंजिनाचे पाणी लवकर तापते, पण गिअरबॉक्सचे तेल बराच वेळ कोमटच राहते, आणि इथेच पुष्कळांची फसगत होते. शेवटची भर एका वेळी १०० ते २०० मिलिलिटरपेक्षा जास्त घालू नये. कमी असलेले तेल दोन मिनिटांत वाढवता येते, जास्त झालेले काढायला अर्धा दिवस जातो.

प्रश्न: माझ्या गाडीच्या गिअरबॉक्सला डिपस्टिकच नाही. पुढचा डावा ड्राइव्ह शाफ्ट आणि त्याचे ऑइल सील मी स्वतः बदलले. शाफ्ट ओढताच बरेच तेल जमिनीवर सांडले, किती ते मोजता आले नाही. पातळी कशी तपासावी?

पुढच्या चाकांना ओढ देणाऱ्या बहुतेक ऑटोमॅटिक गाड्यांत डिफरेन्शियल (दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी दात्यांची जोडणी) गिअरबॉक्सच्याच पेटीत असते आणि दोन्ही एकाच तेलावर चालतात, त्यामुळे शाफ्ट ओढला की गिअरबॉक्सचे तेल बाहेर येते. काही गिअरबॉक्समध्ये डिफरेन्शियलला वेगळा कप्पा आणि वेगळे तेल असते. आपली गाडी कोणत्या प्रकारची आहे, ते आधी पाहा, कारण पुढचे सर्व त्यावर अवलंबून आहे. यापुढे असे काम करताना ज्या बाजूचा शाफ्ट काढायचा ती बाजू थोडी अधिक उंच उचलली, तर सांडणारे तेल पुष्कळ कमी होते.

डिपस्टिक नसलेल्या गिअरबॉक्सला एक भरण्याचा प्लग असतो आणि पातळी दाखवणारा दुसरा, बहुधा पॅनच्या तळाशी. या दुसऱ्या प्लगच्या आत एक उभी नळी असते. तेलाची पातळी नळीच्या वरच्या तोंडापेक्षा जास्त असेल, तर जादा तेल नळीतून खाली येते. धार संपून थेंब थेंब पडू लागले, की पातळी बरोबर झाली असे समजायचे. कल्पना साधी आणि अचूक आहे, पण तेलाचे तापमान ठरलेल्या मर्यादेत असले तरच. टोयोटाच्या अनेक गिअरबॉक्ससाठी ही मर्यादा ३५ ते ४५ अंशांच्या आसपास असते. इतरांसाठी थोडी वेगळी असू शकते. तेल जास्त गरम असताना प्लग उघडला, तर फुगलेले तेल जास्त प्रमाणात बाहेर जाते आणि थंड झाल्यावर ते कमी पडते. फार थंड असताना उघडला, तर याच्या उलट होऊन तेल जास्त राहते. हे तापमान हाताने पॅन चाचपून कळत नाही. गाडीच्या निदानासाठीच्या सॉकेटला जोडायचा साधा स्कॅनर गिअरबॉक्सच्या तेलाचे तापमान दाखवत असेल, तर तोच वापरावा.

एक नियम मी कधीही मोडत नाही आणि आपणही मोडू नये: भरण्याचा प्लग आधी सैल करून बघावा, मगच खालच्या प्लगला पाना लावावा. वर्षानुवर्षे न उघडलेला वरचा प्लग गंजून बसलेला असतो, आणि खालून तेल काढून टाकल्यानंतर तो निघत नाही असे कळले, तर गाडी तिथून हलवताही येत नाही.

आपण गाडी चारही बाजूंनी सारखी उंच करून भक्कम स्टँडवर ठेवावी. नुसत्या जॅकच्या आधारावर गाडीखाली जाऊ नये, हे किती वेळा सांगितले तरी कमीच आहे. पुढची बाजू तेवढी उंच ठेवली, तर नळीच्या तोंडाशी तेलाची पातळी तिरकी होते आणि माप चुकते. तेल थंड असताना, खालचा प्लग उघडा ठेवून, वरच्या प्लगमधून हातपंपाने तेल भरत राहावे. नळीतून तेल येऊ लागले, की खालचा प्लग हलका लावून इंजिन सुरू करावे आणि पहिल्या उत्तरात सांगितल्याप्रमाणे लिव्हर प्रत्येक गिअरमध्ये फिरवावा. तापमान मर्यादेत येताच, इंजिन चालू असतानाच, खालचा प्लग उघडावा. धार आली तर ती थेंबांवर येईपर्यंत थांबावे. काहीच आले नाही, तर वरून थोडे तेल भरावे आणि तापमान मर्यादेबाहेर गेले नाही ना, याकडे लक्ष ठेवावे. दोन्ही प्लगना नवे वॉशर घालावेत. इंजिन चालू असताना खाली काम करायचे असल्याने जागा मोकळ्या हवेची असावी, केस, बाह्या आणि हात फिरत्या भागांपासून दूर असावेत आणि एक्झॉस्टच्या गरम नळीकडे लक्ष असावे. हे जमणार नाही असे वाटले, तर तेवढ्या शेवटच्या तपासणीसाठी गाडी उचलण्याची सोय असलेल्या कारखान्यात जाण्यात काही कमीपणा नाही. मात्र निम्म्या तेलावर तिथवर चालवत जाऊ नये. थंड स्थितीत नळीतून तेल येईपर्यंत भरूनच निघावे.

प्रश्न: गॅरेजमध्ये माझ्याकडे वेगवेगळ्या गाड्यांचे उरलेले गिअरबॉक्स तेल आहे. सगळे लालच आहे. थोडी भर घालायला कोणतेही चालेल ना?

नाही. लाल रंग हा तेलात मिसळलेला रंग आहे. गाडीखाली डाग पडला तर तो इंजिन ऑइलचा की गिअरबॉक्सचा, हे ओळखू यावे हा त्याचा उपयोग. तेलाच्या गुणधर्मांशी त्याचा संबंध नाही, आणि हल्ली हिरवी, पिवळसर व निळसर तेलेही मिळतात.

या तेलाला एकाच वेळी अनेक कामे करावी लागतात. ते टॉर्क कन्व्हर्टरमधून इंजिनाची ओढ पुढे पोहोचवते, दाबाने क्लच बंद करते, दात्यांना वंगण देते, उष्णता वाहून नेते, आणि या सर्वांबरोबर क्लचच्या पट्ट्या किती घट्ट आणि किती मऊपणे एकमेकींना पकडतील हेही ठरवते. हे शेवटचे काम सर्वांत नाजूक आहे. तेलातील घर्षण नियंत्रित करणारी द्रव्ये प्रत्येक कंपनीने आपल्या क्लचच्या अस्तरानुसार ठरवलेली असतात. जनरल मोटर्सने १९४९ मध्ये टाइप ए हे मानक आणले आणि १९६७ मध्ये डेक्सरॉन. त्या काळात घर्षण मऊ करण्यासाठी स्पर्म व्हेलचे तेल वापरले जाई. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत त्यावर बंदी आली आणि त्याच्या जागी कृत्रिम द्रव्ये शोधावी लागली. डेक्सरॉन, फोर्डचे मर्कॉन, क्रायस्लरचे एटीएफ प्लस फोर, टोयोटाचे डब्ल्यूएस, होंडाचे डीडब्ल्यू वन ही नावे म्हणजे वेगवेगळी मानके आहेत. चुकीचे तेल घातल्यास गिअर बदलताना धक्का, थरथर किंवा घसरण जाणवू शकते.

सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गिअरांऐवजी पट्टा आणि पुली असलेल्या गिअरबॉक्सबाबत तर अधिकच सांभाळावे. त्यातला धातूचा पट्टा पुलीला धरून राहतो तो त्यासाठी खास बनवलेल्या तेलाच्या आधारावर. साधे एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे नेहमीचे तेल) त्यात घातले, तर पट्टा घसरून पुलीवर ओरखडे पडू शकतात, आणि ते नुकसान तेल बदलून भरून येत नाही. दोन क्लच असलेल्या गिअरबॉक्सचेही तेल वेगळे असते.

आपल्याकडचे डबे फेकून देण्याची गरज नाही. डब्याच्या पाठीवर गाडीच्या पुस्तिकेतले मानक जसेच्या तसे छापलेले असेल, आणि डब्याचे झाकण नीट बंद राहिलेले असेल, तर ते तेल वापरता येईल. मानक छापलेले नसेल, तर रंगावरून किंवा वासावरून ठरवू नये.

प्रश्न: तेल भरून गाडी फिरवून आणली. आता डिपस्टिकवर बुडबुडे दिसतात, गिअर उशिरा लागतो आणि गिअरबॉक्सच्या वरच्या बाजूला तेल लागले आहे. तेल कमी आहे म्हणून आणखी घालू का?

आणखी घालण्याआधी थांबा. आपण लिहिलेल्या खुणांपैकी बुडबुडे आणि उशिरा लागणारा गिअर ही दोन्ही लक्षणे तेल कमी असले तरी दिसतात आणि जास्त झाले तरी. कमी असताना पंप हवा ओढतो. जास्त असताना फिरणारे दाते तेलात बुडून ते घुसळतात. दोन्ही वेळा तेलात हवा मिसळते; हवा दाबली जाते, तेल दाबले जात नाही, म्हणून क्लचला हवा तो दाब मिळत नाही आणि तो घसरून तापतो. परंतु वरच्या बाजूला आलेले तेल बहुधा ब्रीदरमधून (गिअरबॉक्समधली हवा बाहेर जाण्याच्या छिद्रातून) बाहेर पडलेले आहे, आणि ते तेल जास्त झाल्याकडे बोट दाखवते.

हा प्रसंग माझ्यावरही आला आहे. किंचित उतार असलेल्या जागी, इंजिन तापायच्या आत मी पातळी पाहिली, ती कमी दिसली म्हणून जवळपास एक लिटर भर घातली, आणि दुसऱ्या दिवशी गाडी रिव्हर्स घेण्यापूर्वी क्षणभर अडखळू लागली. त्या दिवसापासून मी प्रत्येक वाचनाशेजारी जागा, तापमान आणि घातलेले तेल वहीत लिहून ठेवतो. आपणही किती तेल घातले ते आठवून लिहा. निघालेल्या तेलाशी त्याची तुलना केली, की निम्मे उत्तर तिथेच मिळेल.

इंजिन बंद करून तासभर थांबा, म्हणजे फेस बसेल. नंतर समपातळीवर, पुस्तिकेतील रीतीने पुन्हा मोजा. तेल जास्त असल्याचे नक्की झाले, तर डिपस्टिकच्या नळीतून बारीक, स्वच्छ नळी घालून हातपंपाने किंवा मोठ्या सिरिंजने थोडे थोडे तेल ओढून घ्या. ड्रेन प्लग सैल करून अंदाजाने तेल सोडू नये. ते गरम असेल तर हात भाजतो, आणि नको तेवढे निघून जाते. पातळी योग्य असूनही बुडबुडे राहिले, तर पहिल्या उत्तरात सांगितलेली फिल्टरची रबरी रिंग पाहा. तेल गुलाबी दुधासारखे दिसत असेल, तर त्यात रेडिएटरमधले पाणी मिसळले आहे. अशा वेळी गाडी न चालवता कूलर तपासून घेणे आवश्यक आहे.

प्रश्न: इंजिन ऑइल बदलताना मी चुकून गिअरबॉक्सचा ड्रेन प्लग उघडला आणि नंतर इंजिनात नवे तेल भरले. गाडी सुरू केलेली नाही. आता काय करावे?

दोन चुका एकदम झाल्या आहेत, पण दोन्ही अजून निस्तरण्यासारख्या आहेत. गिअरबॉक्समधून निघालेले तेल टाकून देऊ नका, ते मोजा. त्या मापाने, पुस्तिकेत दिलेल्या मानकाचे नवे तेल पहिल्या उत्तरातील रीतीने भरा. इंजिनात आता जुने आणि नवे मिळून जवळपास दुप्पट तेल आहे, म्हणून इंजिनाचा खरा ड्रेन प्लग उघडून ते सर्व काढा, फिल्टर बदला आणि पुस्तिकेतील मापाने नवे तेल भरा. हे पूर्ण होईपर्यंत चावी फिरवू नका. ड्रेन प्लग ओळखण्याची साधी खूण अशी की गिअरबॉक्सचे तेल बहुधा लालसर आणि पातळ असते, तर वापरलेले इंजिन ऑइल काळे असते; पहिली धार लाल दिसली, की प्लग लगेच परत लावावा.

निघालेले जुने तेल, दोन्ही प्रकारचे, झाकणाच्या डब्यांत भरून वापरलेले तेल स्वीकारणाऱ्या ठिकाणी द्यावे. ते गटारात किंवा मातीत ओतू नये. त्यात पाणी, कूलंट किंवा पेट्रोल मिसळू नये, कारण अशा मिश्रणावर पुन्हा प्रक्रिया करणे अवघड होते.